संस्थेसाठी निधी मागायला निघताय? या चुका टाळा

दिवाळी सरली की फोन सुरू होतात. "जानेवारीत आमचा संगीत महोत्सव आहे, सीएसआरमधलं कुणी ओळखीचं आहे का?" सीएसआर म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी बाजूला काढतात तो निधी. नाट्यगृह बुक झालेलं असतं, गायकाला विसार गेलेला असतो, फ्लेक्सचं डिझाइनसुद्धा तयार असतं. फक्त पैसे कुठून येणार ते ठरलेलं नसतं. आणि अशा मंडळींना सगळं आठवड्यात हवं असतं.

कंपनीला ते काय पत्र लिहितात ते मी न उघडता सांगतो. विषय: सीएसआर निधी मिळणेबाबत. मजकूर: कमानीवर आपला लोगो, स्मरणिकेत पानभर जाहिरात, मध्यंतरात आपल्या उत्पादनांचा स्टॉल. अहो, कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात कला, संस्कृती, सार्वजनिक वाचनालयं, पारंपरिक कला हे सगळं आहे. पण मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआर खर्चात धरता येत नाही. म्हणजे तुमच्याच मजकुराने तुम्ही बाद! मी कायम दोन वेगळी पत्रं करतो. लोगो-कमानीचं जाहिरात विभागाकडे जातं. सीएसआरवाल्यांकडे वर्षभराचं काम जातं: शाळांमधली नाट्यशिबिरं, तबला शिकणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्त्या, जुन्या हस्तलिखितांचं स्कॅनिंग. सोबत आयकर खात्याच्या १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नोंदण्या, सीएसआर निधी घेण्यासाठी लागणारा सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक आणि निदान तीन वर्षांच्या कामाचा पुरावा. यातलं काही नसेल तर तो नाद सोडा आणि पेठेतल्या सराफाकडे जा. तो जास्त लवकर देईल.

आता ज्या चुकीने माझं डोकं सर्वांत जास्त उठतं ती. चेंज रिपोर्ट, म्हणजे संस्थेची माणसं बदलली की धर्मादाय कार्यालयाला द्यायची खबर.

तालुक्याच्या गावातली एक जुनी नाट्यसंस्था. तालमीच्या हॉलचं छप्पर गळत होतं आणि एमआयडीसीतला एक कारखाना खर्च उचलायला तयार झाला होता. साहेब स्वतः येऊन हॉल बघून गेले. कागद मागितले: घटना, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, धर्मादाय कार्यालयातला शेड्यूल-१ चा उतारा, म्हणजे विश्वस्तांच्या नावांची तिथली नोंद. उतारा हातात आला आणि सगळे गप्प. त्यातल्या बहुतेक विश्वस्तांचे हार घातलेले फोटो त्याच हॉलच्या भिंतीवर होते. एक हयात होते, ते पुण्याला मुलीकडे. सध्याचे अध्यक्ष आणि कार्यवाह यांची नावंच नव्हती. गावभर अध्यक्ष म्हणून सत्कार घेणारा माणूस कागदावर संस्थेचा कुणीच नव्हता.

मग धावाधाव. मृत्यूचे दाखले गोळा करा, नव्या मंडळींची संमतिपत्रं घ्या, सभेच्या नोटिसा शोधा, विलंब माफीचा अर्ज करा. प्रोसीडिंग बुकात तर काही वर्षांच्या सभाच नव्हत्या. एका उत्साही तरुणाने तोडगा काढला: "मागच्या तारखेचं इतिवृत्त लिहून टाकू ना, काका." त्याने निवडलेल्या तारखेला ठरावाचे सूचक म्हणून ज्यांचं नाव घातलं होतं, ते त्याआधीच वारले होते. शॉर्टकटवाल्यांना एवढंही बघायला वेळ नसतो. मी वही काढून घेतली आणि कपाटात ठेवली. ३१ मार्च उलटला, कारखान्याचे पैसे शेजारच्या गावच्या शाळेच्या स्वच्छतागृहांना गेले, आणि त्या पावसाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी ताडपत्रीखाली झाल्या.

कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. माझी पद्धत साधी आहे. निवडणूक झाली की चहा-वडा येण्याआधी संमतिपत्रांवर सह्या घेतो. वडा खाल्ला की माणूस सापडत नाही. अर्ज मंजूर होईपर्यंत तारखा लक्षात ठेवायचं काम एकाच माणसाकडे ठेवतो, "सगळे मिळून बघू" म्हणत नाही.

खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड व्हॉट्सअॅपवर फिरवणं. हे करू नका. "तात्पुरता आहे" म्हणूनही नाही. खजिनदार कितीही सज्जन असला तरी त्याच्या खात्यात वीजबिल आणि वर्गणी एकत्र झाली की हिशोब कुणालाच लागत नाही.

पावती पुस्तकं नंबर टाकून, सही घेऊन द्या आणि कोरी राहिली तरी परत मागा. कार्यक्रम झाल्यावर हरवलेलं पुस्तक हीच गावात वर्षभर चर्चा होते. २००० रुपयांवरची देणगी रोख घेताना, तिला ८०जीची सवलत मिळणार नाही हे देणाऱ्याला आधी सांगा. नंतर त्याचा सीए सांगतो आणि राग तुमच्यावर निघतो. कायम निधीसाठी देणगी असेल तर तसं देणगीदाराकडून लेखी घ्या.

स्मरणिकेची जाहिरात घेताना मजकुराबरोबरच चेक घ्या. "छापून आल्यावर देतो" म्हणणारा छापून आल्यावर दुकानात नसतो.

फुकट पासांबद्दल माझं मत कडवट आहे. पहिल्या चार रांगा मानाच्या, त्या निम्म्या रिकाम्या, आणि तिकीट काढलेला मास्तर बाल्कनीत. त्यापेक्षा वार्षिक सभासद करा, वर्षाला ठरावीक प्रयोग द्या. शंभर रसिकांची दरवर्षी येणारी छोटी वर्गणी मला एका बड्या प्रायोजकापेक्षा बरी वाटते. प्रायोजकाचा मॅनेजर बदलला की पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागते.

आणि अमेरिकेतला भाचा. तो भारतीय नागरिक असेल तर त्याची बँकेतून आलेली देणगी चालते. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असूनही ते पैसे परकीय ठरतात, आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालच्या, परवानगीशिवाय घेता येत नाहीत. पासपोर्ट कुठला, हे विचारायला लाजू नका. फोनवर ख्यालीखुशाली झाली की मी पुढचा प्रश्न तोच विचारतो.