रेडिओ सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीवर उतरवताना या चुका टाळा

रिसीव्हर बांधून झाला, सोल्डरिंग नीट बसलं, आणि १४.२ मेगाहर्ट्झवर हौशी स्टेशनांऐवजी कुठल्यातरी प्रसारण केंद्राची गाणी वाजतायत. अशा वेळी लगेच मिक्सर (दोन फ्रिक्वेन्सी मिसळून त्यांच्या फरकाची नवी बनवणारा भाग) बदलायला घेऊ नका. तो बहुतेकदा धडधाकट असतो. गडबड त्याच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वाटांवर असते.

१४.२ चे ४५५ किलोहर्ट्झ करायला लोकल ऑसिलेटर, म्हणजे मिक्सरला दुसरी फ्रिक्वेन्सी पुरवणारा रिसीव्हरमधलाच भाग, १४.६५५ वर ठेवला, की १५.११० वरचा सिग्नलही त्याच्यापासून नेमका तेवढ्याच अंतरावर येतो. मिक्सरला फक्त फरक कळतो, वरचा कोण नि खालचा कोण ते नाही. हीच इमेज, म्हणजे नको असलेला जुळा सिग्नल, आणि ती इथे थेट १९ मीटरच्या शॉर्टवेव्ह प्रसारण पट्ट्यात पडते. अँटेनाकडे एकच ट्यून्ड सर्किट असेल तर क्यू (सर्किटची निवडक्षमता) ५० धरूनही ती जेमतेम १६ डीबी (सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) दबते. आयएफ (मिक्सरमधून निघणारी फ्रिक्वेन्सी, वर ४५५ किलोहर्ट्झ) ९ मेगाहर्ट्झ घेतली तर इमेज ३२.२ वर जाते आणि साधा फिल्टरही तिला अडवतो. तो फिल्टर मिक्सरच्या आधीच हवा. नंतर दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीवर आलेले असतात.

इमेजच आहे का, याची खूण सोपी. बीएफओ (सिग्नलची शिट्टी ऐकू आणणारा दुसरा ऑसिलेटर) चालू ठेवून लोकल ऑसिलेटर किंचित सरकवा: इमेजची शिट्टी खऱ्या सिग्नलच्या उलट दिशेने सरकते.

ओव्हरलोड, म्हणजे जोरदार सिग्नलांनी रिसीव्हर भारावणं, वेगळा. अँटेनावर ६ डीबीचा, म्हणजे सिग्नल तेवढा कमी करणारा, अ‍ॅटेन्युएटर लावा. खरा सिग्नल आणि इमेज ६ डीबीनेच उतरतात, पण तिसऱ्या ऑर्डरचं इंटरमॉड्युलेशन (जोरदार सिग्नल एकमेकांत मिसळून बनणारे खोटे सिग्नल) १८ डीबीने कोसळतं. तसं झालं तर मिक्सरआधीचा अ‍ॅम्प्लिफायर काढा. तो उगाच लावायची सवय फार आहे.

डायोड रिंग मिक्सरला साधारण +७ डीबीएम, म्हणजे ५ मिलिवॅट, ऑसिलेटर लागतो. हे ५० ओहमच्या रेझिस्टरवर मोजा. तिथे पीक-टू-पीक १.४ व्होल्ट दिसायला हवेत. मिक्सर जोडलेला असताना डायोड लाट कापतात आणि आकडा फसवा येतो.

ऑसिलेटर सिग्नलच्या वर ठेवला तर साइडबँड (वाहक फ्रिक्वेन्सीच्या वरचा किंवा खालचा आवाजाचा पट्टा) उलटतो, तेवढं लक्षात ठेवा.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे आयएफ पोर्ट, मिक्सरमधून बाहेर जाणारी वाट. क्रिस्टल फिल्टर थेट जोडला तर पासबँडबाहेरचं (फिल्टर पुढे सोडत नाही ते) सगळं परत मिक्सरवर आदळतं. डिप्लेक्सर (ते परत न पाठवता शोषून घेणारं सर्किट) उत्तम, नाहीतर १५०-३७-१५० ओहमचा पाय (π) पॅड, म्हणजे तीन रेझिस्टरांची जोडणी, लावा. त्यात ६ डीबी जातात, पण शॉर्टवेव्हवर अँटेनातून येणारा गोंगाटच इतका असतो की हा तोटा सहसा जाणवत नाही.