द्राक्षाच्या सालीचा अर्क पार्किन्सनवर चालतो का, चिलटांवर कसं बघायचं

एमएस्सी नाहीतर बीफार्मच्या प्रोजेक्टला दरवर्षी कोणीतरी पार्किन्सन आणि वनस्पती हा विषय घेतंच, आणि नाशकात म्हटल्यावर द्राक्ष आलंच, सालीत रेस्व्हेराट्रॉल (पेशींना जपतं असं म्हणतात ते वनस्पती-रसायन) असतं हे सगळ्यांना पाठ. विषय चांगलाय, पण मी त्यात एक अख्खी बॅच घालवलीय म्हणून सांगतो.

आधी माल. बाजारातली द्राक्षं घेऊ नका. निफाड-दिंडोरीकडे छाटणीपासून काढणीपर्यंत किती फवारण्या होतात ते कुठल्याही बागायतदाराला विचारा, आणि आपण टेस्ट करणार कशावर, तर कीटकावर! माझी चिलटं दोन दिवसांत पटापट मेली, मी रोटेनोनला (चिलटांना आजार आणायला दिलेलं विष) शिव्या घालत बसलो, नंतर बघतो तर नुसता अर्क दिलेल्या बाटलीतलीसुद्धा मेलेली. कुणाच्या परसात बिनफवारणीचा वेल असेल तर तो गाठा. साल सावलीत वाळवा, मिक्सरला बारीक करा, ७० टक्के इथेनॉलमध्ये दोन-तीन दिवस अंधारात भिजवा, गाळून रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली सॉल्व्हंट उडवणारं यंत्र) कमी तापमानाला आटवा.

चिलटं म्हणजे ड्रोसोफिला, पण केळ्यावर घोंगावणारी पकडून आणू नका, म्हैसूरच्या स्टॉक सेंटरमधून मागवा. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, अगर एवढ्यावर जगतात, २५ डिग्रीला साधारण १० दिवसांत नवी पिढी. इन्क्युबेटर नसेल तर एप्रिल-मेच्या वाटेला जाऊच नका.

आजार आणायला रोटेनोन. गंमत म्हणजे हेही झाडाचंच, डेरिसच्या मुळातलं! पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा कॉम्प्लेक्स-१ (ऊर्जा बनवणाऱ्या साखळीतलं पहिलं एन्झाइम) बंद पाडतं, डोपामिनवाल्या पेशींना, म्हणजे हालचालीचा निरोप देणाऱ्या, पार्किन्सनमध्ये मरतात त्याच पेशींना, त्याचा फटका बसतो आणि चिलटं नीट चढेनाशी होतात. बरेच जण खाण्यात ५०० मायक्रोमोलर घालतात, पण तुम्ही आधी दोन-तीन डोस लावून बघा. ग्लोव्हज आणि मास्क घालूनच.

बाटल्या चार तरी हव्यात: नुसतं सॉल्व्हंट (ज्यात अर्क-रोटेनोन विरघळवलं ते), नुसतं रोटेनोन, रोटेनोन अधिक अर्क, आणि नुसता अर्क. ही चौथी सगळे गाळतात, मीही पहिल्यांदा गाळणारच होतो, सरांनी जबरदस्तीने लावायला लावली आणि तिनेच वाचवलं. सातेक दिवसांनी २० चिलटं उभ्या नळीत घ्या, हलकेच आपटून तळाला पाडा, १० सेकंदांत ८ सेंटीमीटरच्या रेघेवर किती गेली ते मोजा. मोजणाऱ्याला कुठली बाटली कुठली ते कळू देऊ नका, लेबल मित्राकडे.

समजा अर्कवाली छान चढली. लगेच पेढे वाटू नका. अर्क तुरट असतो, चिलटं ते खाणं कमी खातात, कमी खाल्लं की पोटात रोटेनोनही कमी गेलं, म्हणजे अर्काने वाचवलं असं काही नाही, ती नुसती उपाशी होती! खाण्यात निळा फूड कलर घालून पोटात किती उतरतो ते प्रत्येक गटात बघा, सारखा आला तरच पुढं जा. पेशींवर एमटीटी टेस्ट (जिवंत पेशी एमटीटी हा पिवळा रंग जांभळा करतात, त्यावरून किती जगल्या ते कळतं) करणाऱ्यांनीही असंच जपायचं, अर्कातली पॉलिफेनॉल (रेस्व्हेराट्रॉलसारखी रसायनं) स्वतःच एमटीटीला जांभळं करू शकतात, तेव्हा प्लेटमधल्या एका खळग्यात पेशी न घालता नुसता अर्क आणि एमटीटी ठेवा.

तुलनेला खाजकुहिलीचं बी घ्या. त्यात लेव्होडोपा (शरीरात ज्याचं डोपामिन बनतं ते) असतं, दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच ते बियांतून वेगळं काढलेलं. पण हे कमी पडलेलं डोपामिन भरून काढतं, त्यामुळे चढणं सुधारलं म्हणजे पेशी वाचल्या असं होत नाही. रिपोर्टमध्ये ‘पेशी वाचवतो’ लिहायचं असेल तर मेंदू काढून डोपामिनवाल्या पेशी रंगवून मोजाव्या लागतील.

आणि हो, उरलेला अर्क फ्रीजरला टाका, घरी नेऊ नका. खाजकुहिलीची पूड तर नाहीच नाही, कारण घरात पार्किन्सनचे आजोबा असतील तर त्यांच्या गोळीतही बहुतेक लेव्होडोपाच असतं, वरून पूड दिली की डोस किती झाला ते डॉक्टरलाही कळणार नाही.