बाप्तिस्म्याच्या वहीतून घराणं शोधताना : '८ब्रो' म्हणजे ऑगस्ट नव्हे

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून झालंय, वंशवेलीचा कच्चा कागद तयार आहे आणि फादरांना फोन करून वेळही घेतलीये, असं धरून चालतो. सोबत पेन्सिल न्या, पेन नको. पावसाळ्यात जाऊ नका. आपल्या दमट हवेत जुनी पानं एकमेकांना चिकटतात आणि ती सोडवायला गेलात की शाईचा थर निघून हातात येतो.

चर्च कोणतं, हे आधी ठरवा. बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या ठेवण्याचा नियम ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली घालून दिला. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती, म्हणजे हिशेबाने दीड-पावणेदोनशे वर्षांच्या वह्या असायला हव्यात. पण १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या धामधुमीच्या आधीचं काही मिळेल या आशेवर उत्तर कोकणात सुट्टी घालवू नका. मिळालं तर नशीब. गोव्यात जास्त मागे जाता येतं आणि तिथल्या कित्येक चर्चच्या जुन्या वह्या आता पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. मुंबईकरांना आणखी एक भानगड आहे. तिथे १७९४ ते १९२८ पाद्रोआदो (पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालचा) आणि प्रोपागांडा (थेट रोमच्या हाताखालचा) असे दोन धर्माधिकार शेजारी शेजारी चालत होते. एकाच वाडीतला एक भाऊ एका वहीत आणि दुसरा दुसऱ्याच चर्चच्या वहीत सापडला तर दचकू नका.

शोध उलटा करायचा : बाप्तिस्मा, मग आईवडिलांचं लग्न, मग त्या दोघांचे बाप्तिस्मे. समासातही बघत चला. १९०८ नंतर लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या पानावर करायची पद्धत आली, ती फार वेळ वाचवते.

आता खरी कसोटी, म्हणजे पोर्तुगीजमधली नोंद वाचणं. 'पोर्तुगीज शिका, मग सगळं येईल' असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकून मी सहा महिने व्याकरण घोटलं आणि पहिल्याच पानावर आपटलो. नोंदीत भाषा अशी नसतेच. एकच ठरलेलं वाक्य असतं : अमुक तारखेला, या चर्चमध्ये, मी अमक्याला बाप्तिस्मा दिला, अमक्या-तमकीचं औरस मूल, धर्मपिता अमुक, धर्ममाता तमुक. वीस-पंचवीस शब्द पाठ केले की भागतं. फिल्यु म्हणजे मुलगा, फिल्या मुलगी, पाद्रिन्यु धर्मपिता, माद्रिन्या धर्ममाता, नातुराल म्हणजे मूळचा कुठला. नडतात ती संक्षेपांची रूपं. लिहिणाऱ्या पाद्रीला कागद आणि वेळ दोन्ही वाचवायचं होतं, म्हणून तो नावाची सुरुवात लिही आणि शेवटची अक्षरं बारीक करून वर टांगी.

माझी फजिती सांगतो. मावशीच्या सासरच्या एका पणजीची नोंद मिळाली. आईवडिलांचं लग्न जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पोरीचा बाप्तिस्मा त्याच वर्षी, महिना '८ब्रो'. आठवा महिना म्हणून मी ऑगस्ट लिहिला आणि शहाणपणा करून जेवणाच्या पंगतीत बोललोही, की लग्नानंतर सातच महिने झाले होते. मावशीने वाढायचं थांबवलं. ८ब्रो म्हणजे ऑक्टोबर, हे मला दोन वर्षांनी कळलं. आपल्याला खरं तर हे चटकन कळायला हवं : सप्त, अष्ट, नव, दश. लॅटिनमध्ये तेच आकडे सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरच्या नावांत दडलेत, कारण रोमन वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू होई. म्हणून ७ब्रो सप्टेंबर, ९ब्रो नोव्हेंबर, आणि फुलीसारखं एक्स अक्षर लावून 'ब्रो' दिसलं की डिसेंबर, कारण तो रोमन दहा.

नावांचंही तसंच. 'रोइझ' हे आडनाव नाही, ते रॉड्रिग्ज आहे. 'फ्र्झ' म्हणजे फर्नांडिस, 'ग्ल्झ' म्हणजे गोन्साल्विस, 'मेल' म्हणजे मानुएल, 'आंतो' म्हणजे आंतोनियो. माझा नियम कडक आहे : आधी जसं दिसतं तसं अक्षर न् अक्षर उतरवा, उलगडा शेजारच्या रकान्यात करा. जागेवरच 'सुधारून' लिहिलंत की चूक कायमची. अक्षर लागत नसेल तर त्याच पाद्रीच्या हातच्या मागच्या-पुढच्या दहा नोंदी घ्या. वाक्य तेच असल्यामुळे त्याचा 'र' आणि 'स' तिथेच सापडतो.

गावाचं नाव वाचतानाही घाई नको. पोर्तुगीज लोक ठाणे शहराकडच्या बेटाला साल्सेत म्हणत आणि गोव्यात मडगावच्या मुलखालाही साल्सेतच. आपल्या तोंडी दोन्ही साष्टी. चर्च आणि पाद्री कुठले आहेत हे बघून ठरवा.

आडनावावरून पोर्तुगीज रक्त शोधणाऱ्यांना मी हात जोडतो. नव्याने बाप्तिस्मा घेणाऱ्याला धर्मपित्याचं किंवा पाद्रीचं आडनाव मिळे. दोन सख्ख्या भावांचे धर्मपिता वेगळे असले तर एक लोपिस आणि एक परेरा. म्हणून धर्मपित्याचं नाव कधीही सोडू नका, ओळीतलं तेच सर्वांत बोलकं. पूर्वज खरोखर पोर्तुगालहून आलेला असेल तर 'नातुराल' शब्दापुढे लिस्बनसारखं गाव किंवा नावापाशी 'रेइनोल' हा शब्द दिसू शकतो. बापाच्या नावाशी 'जेंतीउ' दिसलं तर तो हिंदू. ही वही तिथे संपते. गोव्यात असाल तर त्यापुढचा रस्ता गावकरीच्या, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदाद या संस्थेच्या, दप्तरांतून जातो, आणि तिथलं वाचन वेगळं आहे.