चैत्रातलं हळदीकुंकू: कैरीची डाळ, पन्हं आणि ओले हरभरे करताना या चुका टाळा

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत कुणा ना कुणाकडे हळदीकुंकू असतंच. बेत ठरलेला: कैरीची डाळ, पन्हं, ओल्या हरभऱ्यांची ओटी, कलिंगडाची फोड, मोगऱ्याचा गजरा. यातल्या बहुतेक गोष्टींना विस्तव फारसा लागत नाही, म्हणून काम सोपं वाटतं. गोम तिथेच आहे. न शिजवलेला पदार्थ चुका पोटात घालत नाही. नको तिथे राहिलेलं पाणी आणि भर उन्हाळ्यात पुढेमागे झालेले दोन तास थेट द्रोणात दिसतात.

कैरीची डाळ: चिकट, पाणचट की कच्चट?

पंचवीस जणींसाठी अर्धा किलो हरभरा डाळ, मध्यम आकाराच्या दोन आंबट कैऱ्या, एक नारळ, दहा-बारा हिरव्या मिरच्या, चार चमचे साखर, मूठभर कोथिंबीर आणि फोडणीला अर्धी वाटी तेल, एवढं पुरतं.

पहिली चूक रात्रीच होते: झोपताना डाळ भिजत घालून दुसऱ्या दिवशी दुपारी वाटायची. एप्रिलच्या उकाड्यात इतक्या वेळात पाण्यावर फेस येतो, डाळ बुळबुळीत होते आणि आंबूस वास धरते. तो वास कैरीने किंवा हिंगाने झाकला जात नाही. अशी डाळ कच्ची खायला देऊच नये. चार-पाच तास भिजवणं पुरेसं आहे. एक डाळ नखाने तोडून बघा. मधोमध पांढरा, कोरडा ठिपका दिसला तर अजून अर्धा तास लागेल. तुकडा आतबाहेर एकाच रंगाचा असेल तर झाली. संध्याकाळी कार्यक्रम असेल तर सकाळी नऊ-दहाला भिजत घाला, तेही आधी तीन-चार पाण्यांतून धुऊन.

दुसरी चूक निथळण्याची. भिजलेली डाळ चाळणीत किमान अर्धा तास ठेवायची, मग पंचावर पसरून वरचं पाणी टिपून घ्यायचं. ओली डाळ मिक्सरमध्ये गेली की खालचा थर पीठ होतो आणि वरची डाळ तशीच अख्खी राहते. मग अख्खी डाळ बारीक व्हावी म्हणून मिक्सर आणखी फिरवला जातो, भांडं तापतं आणि सगळ्याचा चिकट गोळा होतो. एका वेळी भांड्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच डाळ घ्या, मिक्सरचं बटण उलट्या बाजूला फिरवत तीन-चार सेकंदांचे झटके द्या, मधे चमच्याने खालीवर करा. पाण्याचा थेंबही नको. जाडसर रव्यासारखी भरड आली की थांबायचं. मिरच्या पहिल्या घाण्यातच टाका, म्हणजे वेगळ्या वाटाव्या लागत नाहीत. अख्खे दाणे उरले तर ते वेचून पुढच्या घाण्यात घाला. पोट दुखतं ते बहुधा त्या अख्ख्या दाण्यांनीच.

कैरी आणि मीठ कधी घालायचं, यावर डाळीचं अर्धं भवितव्य ठरतं. मीठ लागलं की किसलेली कैरी पाणी सोडते. सकाळीच सगळं कालवून ठेवलं तर संध्याकाळी भांड्याच्या तळाशी आंबट पाणी आणि वर कोरडी डाळ अशी फारकत झालेली असते. वाटलेली डाळ फ्रीजमध्ये झाकून ठेवा. कैरी, खोबरं, मीठ, साखर आणि कोथिंबीर पाहुण्या येण्याच्या अर्धा तास आधी कालवा. सोललेली कैरी किसून हाताने हलकी पिळून घ्या, ते पाणी पन्ह्यात जाऊ द्या. परदेशात गोठवलेला कैरीचा कीस आणि खोबरं वापरणाऱ्यांनी तर दोन्ही पूर्ण सुटू देऊन पिळल्याशिवाय वापरूच नये.

कैरी घेताना कडक, आतून पांढरीशुभ्र बघा. गर पिवळसर दिसला की आंबटपणा उतरणीला लागलेला असतो. तोतापुरी चिरून तिखट-मीठ लावून खायला छान, पण डाळीला एकटी कमी पडते. तीच मिळाली तर अर्ध्या लिंबाची जोड द्या.

फोडणीतही घाई नडते. मोहरी पूर्ण तडतडू द्यायची, गॅस बंद करायचा, मग हिंग, हळद, कढीपत्ता आणि दोन सुक्या मिरच्या. उकळत्या तेलात हळद पडली की करपते आणि पिवळ्याऐवजी तपकिरी डाग पडतात. हिंग सढळ हाताने, या प्रमाणाला पाऊण चमचा. डाळीचा कच्चट वास तोच मारतो. फोडणी कोमट झाल्यावरच ओता, नाहीतर जिथे पडते तिथली डाळ अर्धवट शिजून गुठळी होते. तेलात काटकसर केली तर डाळ घशाशी अडकते. वर्षातून एकदा करायच्या डाळीत पथ्य कशाला?

बिघडलेलीच तर काय? पाणी सुटलं असेल तर चाळणीत पाच मिनिटं ठेवून वर खोबरं घाला. अति आंबट झाली तर खोबरं आणि चिमूटभर साखर. अगदीच गंधासारखी वाटली गेली असेल तर ती कच्ची देण्याचा हट्ट सोडा: मोदकपात्रात दहा मिनिटं वाफवा, गार झाल्यावर हाताने मोकळी करा, मग कैरी-खोबरं घाला. चव वेगळी लागते, पण कच्ची डाळ न पचणाऱ्या आजींना हीच बरी. उरलेली डाळ दुसऱ्या दिवशी थालीपिठात किंवा वड्यात संपवा. ओलं खोबरं घातलेली डाळ बाहेर रात्रभर टिकत नाही.

पन्हं

किलोभर कैरीला पाऊण ते एक किलो गूळ. त्यात साधारण पंचवीस पेले होतात. नेमका गूळ कैरीच्या आंबटपणावर ठरतो, म्हणून आधी पाऊण किलोच घाला आणि पाणी मिसळून चाखल्यावर वाढवा. नुसता गर चाखून गोडी ठरवणं ही नेहमीची फसगत.

पन्हं कडवट लागतं किंवा घशाला खवखवतं, त्याचं कारण बहुतेकदा देठाचा चीक. देठाकडची टोपी कापून कैऱ्या अर्धा तास पाण्यात ठेवा, मग चोळून धुवा. उकडताना त्या कुकरच्या डब्यात, पाणी न घालता, झाकण लावून ठेवा. तीन शिट्ट्या पुरतात. थेट पाण्यात टाकल्या तर साल फुटते आणि आंबटपणा पाण्यात उतरतो. तसं झालंच तर ते पाणी फेकू नका, पन्हं पातळ करायला वापरा. कोयीचा गर बोटांनी ओरबाडून काढावा, सुरीने नको. कोवळी कोय कापली गेली की तिचा तुरटपणा उतरतो.

गर गरम असतानाच चिरलेला गूळ मिसळला की विरघळतो. गुळात कचरा असतो, त्यामुळे मिश्रण गाळून घ्याच. वेलची मात्र गार झाल्यावर. गरम गरात तिचा वास उडून जातो. केशर आधी चमचाभर कोमट पाण्यात भिजवलेलं. चिमूटभर मीठ विसरलात तर पन्हं नुसतं गोड सरबत लागेल.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं. आरास म्हणून कल्हई नसलेल्या पितळी घंगाळात पन्हं ओतलं तर ते हमखास कळकतं. ॲल्युमिनियमही नको. गुळाचा गर काचेच्या बरणीत, कोरड्या चमच्याने हाताळला तर फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो. पाणी घातलेलं पन्हं त्याच दिवशी संपवा. एक भाग गराला चार भाग पाणी. बर्फ पेल्यात घालणार असाल तर साडेतीन. पाणी आणि बर्फ दोन्ही पिण्याच्या पाण्याचेच हवेत. बाहेरच्या लादीच्या बर्फाचा मोह टाळा.

हरभरे, कलिंगड, गजरे

किलोभर हरभरे भिजून दोन किलोंच्या वर भरतात, म्हणजे तीस-पस्तीस जणींची ओटी. आठ-दहा तासांनी पाणी काढून ओल्या फडक्यात ठेवायचे. पाण्यातच राहिले तर वास येतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधले तर तार सुटते.

कलिंगडाचं कमळ दुपारी कापून गौरीपुढे ठेवायचं आणि रात्री त्याच्याच फोडी वाटायच्या, हे नको. आरासीचं वेगळं, खाण्याचं ऐनवेळी कापलेलं.

गजरे फ्रीजमध्ये खालच्या भाजीच्या कप्प्यात, ओलसर सुती फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून ठेवा. फडकं पिळलेलं असावं. पाणी निथळत असेल तर मोगरा काळवंडतो, आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवला तर बाहेर काढताच पाकळ्या पाणी सुटून चिप्प होतात.