प्रश्न चांगला होता, उत्तराचं काय केलंत?

ट्रेनिंगच्या कामात नव्याने पडणारे लोक माझ्याकडे हमखास एकच गोष्ट मागतात: प्रश्नांची यादी. "ताई, तुमच्याकडे चांगल्या प्रश्नांची पीडीएफ असेल ना?" आहे. कुणाकडे नाही? आता तर मोबाइलला सांगितलं की चहा गार व्हायच्या आत शंभर 'पॉवरफुल' प्रश्न हजर होतात. मी यादी पाठवून देते आणि मनात म्हणते, चला, यांचंही एक वर्ष गेलं.

ओपन प्रश्न (मोकळं उत्तर मागणारा) म्हणजे काय, क्लोज्ड (एका-दोन शब्दांत संपणारा) म्हणजे काय, कोचिंगमधल्या ग्रो मॉडेलची चार अक्षरं कशाची, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. नसेल तर एका दुपारचं काम आहे. त्यापुढचं कुणी सांगत नाही.

मी बडोद्यात काम करते. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतले, म्हणजे औद्योगिक वसाहतीतले सुपरवायझर, शाळांचे शिक्षक, अधूनमधून सखी मंडळाच्या (बचत गटाच्या) बायका. घरी मराठी, कामावर गुजराती आणि हिंदीची खिचडी. आमच्या दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या मराठी मंडळींना एक गोष्ट सांगायला फार आवडते, की सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. अभिमान मलाही आहे. पण शाळेने आपल्याला प्रश्नाची एक सवय लावली ती आयुष्यभर सुटत नाही: विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं आणि आपण चुकलो तर उभं राहायचं. १९७५ मध्ये सिंक्लेअर आणि कूल्टहार्ड या इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी वर्गातलं बोलणं शब्दशः तपासलं, तेव्हा हाच ठेका त्यांना पुन्हा पुन्हा सापडला. शिक्षक विचारतो, मूल उत्तर देतं, शिक्षक शेरा मारतो. पंचेचाळीस वर्षांचा सुपरवायझर तुमच्या समोर बसतो तेव्हा त्याच्या कानात तोच ठेका वाजत असतो. तुम्ही कितीही हसून "बोला ना, यात चूक-बरोबर काही नाही" म्हणालात तरी. पहिल्या उत्तरानंतर तुम्ही काय करता, ते तो पाहतो आणि तेवढ्यावरून ठरवतो, की ही परीक्षा आहे की खरंच काही विचारतायत.

मी अडकले ती जागा हीच. माझे प्रश्न वाईट नव्हते. उत्तर आल्यावर माझा हात फ्लिपचार्टकडे जायचा, तिथे घोळ होता.

एका कारखान्यात पाळी बदलताना होणाऱ्या गोंधळावर वर्कशॉप होतं. "गेल्या आठवड्यात पाळी बदलताना अडलं असा एक प्रसंग सांगा," एवढंच विचारलं होतं. चांगला प्रश्न, आजही तोच विचारेन. एक सुपरवायझर जरा थांबून म्हणाले, "रात्रे साहेब फोन नथी उपाडता," रात्री साहेब फोन उचलत नाहीत. मी मान डोलावली, "व्हेरी गुड पॉइंट" म्हटलं आणि चार्टवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: कम्युनिकेशन गॅप.

बघा काय झालं ते. माणसाने एक रात्र, एक फोन आणि एक साहेब दिला होता. मी त्या तिन्हींची वाफ करून टाकली. वर "व्हेरी गुड" म्हणून मास्तरीणबाईंचा शेराही मारला. त्यानंतर बाकीच्यांना कळलं की इथे कसली उत्तरं चालतात. दुसरा म्हणाला, मोटिव्हेशन नाही. तिसरा म्हणाला, ओनरशिप पाहिजे. जेवणापर्यंत चार्ट भरला, एचआरच्या मॅडमने फोटो काढले, सगळे खूश. आणि कामाचं काहीही निघालं नाही, कारण कम्युनिकेशन गॅप बुजवायला कोण जाणार? फोन मात्र उचलता येतो. कुणी, किती वाजेपर्यंत, नाही उचलला तर पुढचा नंबर कुणाचा, हे ठरवता येतं.

हा खड्डा दिसत नाही, म्हणून जरा जास्त खोदते. लिडिंग प्रश्न ओळखता येतो. "तुम्हाला असं नाही का वाटत" असं तोंडातून निघालं की तुमचं तुम्हालाच कळतं. एका दमात तीन प्रश्न विचारले तर समोरचे गोंधळलेले दिसतात. शब्द बदलल्यावर मात्र कुणी तक्रार करत नाही. उलट लोक मान डोलावतात. त्यांना वाटतं, ताईंनी किती छान मांडलं. तुम्हालाही वाटतं, आपण सार काढलं. आपल्याकडे सार काढणाऱ्याला हुशार म्हणतात, हीच तर अडचण. आणि भाषा बदलताना हे आणखी सहज होतं. तो गुजरातीत बोलतो, मी मराठीत ऐकते, इंग्रजीत लिहिते. या प्रवासात प्रत्येक नाक्यावर थोडा माल उतरवला जातो.

उपाय दिसायला बावळट आहे. तो जे बोलला तेच लिहायचं. त्याच भाषेत, त्याच शब्दांत, लांब असलं तरी. माझं गुजराती लिहिणं दिव्य आहे, डोक्यावरची रेघ न देता हात पुढे सरकतच नाही. लोक हसतात. हसू द्या, बोलतात तरी. अगदीच अडलं तर पेन त्यांच्या हातात द्या. मग पुढचा प्रश्न त्याच वाक्यातून उचलायचा. आता असं कुणी सांगितलं तर मी विचारते, "साहेब फोन उचलत नाहीत, तेव्हा मग तुम्ही काय करता?" या एका प्रश्नावर मी काय काय ऐकलंय! संशय असलेले पीस खडूची खूण करून बाजूला ठेवतात, सकाळची पाळी ती खूण न ओळखता माल पुढे पाठवते, मग दोन दिवसांनी भांडण. हे सगळं कुठल्याही यादीतल्या प्रश्नाने बाहेर आलं नसतं, कारण 'फोन' आणि 'उचलत नाही' हे शब्द यादीवाल्याला माहीतच नव्हते.

याला एक अपवाद आहे, तो विसरलात तर तुमच्यामुळे कुणाची तरी नोकरी अडचणीत येईल. साहेब खोलीत बसलेले असताना 'साहेब फोन उचलत नाहीत' असं चार्टवर झळकवू नका. लिहिण्याआधी हळूच विचारा, "असंच लिहू, की 'रात्री फोन लागत नाही' असं लिहू?" शब्द त्याचे आहेत, तेव्हा बदलायचे की नाहीत तेही त्यानेच ठरवावं. शक्य असेल तर पहिले दोन तास साहेबांना बोलावूच नका. "मी फक्त मागे बसतो, तुमचं चालू द्या" असं म्हणणारे साहेब सर्वांत धोकादायक. ते मागे बसले की सगळी उत्तरं त्यांच्या खुर्चीकडे तोंड करून दिली जातात.

थांबण्याबद्दल तुम्ही वाचलं असेलच. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने १९७०च्या दशकात वर्गांतली रेकॉर्डिंग तपासून दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. हे सगळे सांगतात. तिने मोजलेली दुसरी थांबण्याची जागा मात्र कुणी सांगत नाही: उत्तर संपल्यानंतरची. तिथेही आपण सेकंदभरात तुटून पडतो. माझ्या अनुभवात खरं बोलणं याच दुसऱ्या जागेत येतं. माणूस आधी सांगण्यासारखं सांगतो, थोडं थांबतो, मग "एटले, वात एम छे के…" (म्हणजे, गोष्ट अशी आहे की…) म्हणून मुद्द्यावर येतो. तुमचं "व्हेरी गुड" नेमकं त्या "एटले"च्या आधी पडतं. तेव्हा बोलू नका. पाणी प्या हवं तर.

आता 'का'बद्दल. कारखान्यात काम करणार असाल तर 'फाइव्ह व्हाय', म्हणजे पाचदा 'का' विचारत मूळ कारणापर्यंत जायची पद्धत, टाळता येणार नाही. जपानी उद्योजक साकिची टोयोडांचं म्हणून ते सांगितलं जातं, आणि टोयोटाचे इंजिनियर ताइइची ओनोंनी ते कंपनीत रुळवलं. ओनोंचं उदाहरण अजून वापरण्यासारखं आहे. मशीन का थांबलं? ओव्हरलोड होऊन फ्यूज उडाला. ओव्हरलोड का? बेअरिंगला पुरेसं वंगण नव्हतं. का? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. का? गाळणी नव्हती, म्हणून धातूचा कीस आत गेला. पाचही उत्तरांत माणूस कुठे आहे? नाही. मशीनला 'का' विचारलं तर मशीन लाजत नाही. तेच माणसाला लागोपाठ विचारा, तिसऱ्या 'का'ला तो पोलीस चौकीत बसल्यासारखा बोलायला लागतो. म्हणूनच ऑडिटसाठी भरलेल्या फॉर्मांत शेवटची ओळ बहुतेक वेळा एकच असते: ऑपरेटरला पुन्हा ट्रेनिंग दिलं. ते फॉर्म खालून वर भरतात हे प्रत्येक सुपरवायझरला माहीत आहे. तेव्हा माणसासमोर असाल तर 'का' गिळा आणि 'तेव्हा काय झालं', 'त्याआधी काय चालू होतं' असं विचारा.

प्रश्नांच्या क्रमाबद्दल थोडंच सांगते. इन्स्टिट्यूट ऑफ कल्चरल अफेअर्स या संस्थेने घडवलेली चार पायऱ्यांची पद्धत आहे, ट्रेनर लोक तिला 'ओरिड' म्हणतात: आधी काय पाहिलं-ऐकलं, मग मनात काय आलं, मग त्याचा अर्थ काय, शेवटी करायचं काय. (याच संस्थेने १९७०च्या दशकात औरंगाबादजवळच्या माळीवाड्यात ग्रामविकासाचं काम केलं होतं, हे आपल्या ट्रेनर मंडळींना सहसा माहीत नसतं.) नवीन माणूस चहा संपायच्या आत चौथ्या पायरीवर उडी मारतो, "तर मग सोल्यूशन काय?" आणि मग लोकांनी पहिली पायरी न चढल्याबद्दल वैतागतो. क्रम पाळा, बाकी त्या पद्धतीचं सोवळं करू नका.

आणि क्लोज्ड प्रश्नांना शिव्या देणं बंद करा. हल्लीच्या कोर्सांनी त्यांना वाळीतच टाकलंय. दुपारी साडेचारला, ट्रेन पकडायची घाई असलेल्या लोकांना "पुढच्या वाटचालीबद्दल काय वाटतं?" असं विचारणं हा छळ आहे. तिथे सरळ विचारायचं: कोण करणार? कोणत्या तारखेला? सोमवारी की मंगळवारी? एकास एक कोचिंगमध्येही शेवटची पाच मिनिटं अशीच जाऊ देत. जेवणानंतर लगेच मात्र पूर्ण हॉलला कसलाच प्रश्न टाकू नका. जोड्या करा, आपसांत बोलू द्या, तुम्ही फक्त फिरा.

सर्टिफिकेटचं मी काय सांगणार? दोन दिवसांचा कोर्स करून 'कोच' झालेले ढिगाने आहेत. सर्टिफिकेट घ्या, भिंतीवर लावा, आईला बरं वाटेल. मेंटॉर निवडताना मात्र चोखंदळ राहा. कॅफेत बसवून स्वतःच्या यशाच्या कथा ऐकवणारा नको. तुमच्या सेशनला येऊन मागच्या खुर्चीवर बसणारा शोधा. त्याला "कसं झालं?" असं विचारू नका, तो सभ्य असेल तर "छान" म्हणेल. त्याला एकच काम द्या: डाव्या बाजूला लोक काय बोलले, उजव्या बाजूला लगेच पुढे तुम्ही काय बोललात, शब्दशः लिहायचं. असा माणूस मिळत नसेल तर परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा आणि तोच कागद स्वतः भरा. ऐकताना कान लाल होतील. सगळ्यांचे होतात. तुमचं गुजराती कच्चं असेल, आवाज कापत असेल, प्रश्न मध्येच तुटत असेल, तर त्याने काही बिघडत नाही. लोक फार सांभाळून घेतात. उजवी बाजू डावीपेक्षा लांब भरत असेल तर मात्र काळजी करा.

आता पैशाच्या बोलण्याआधीची एक गोष्ट. वर्कशॉप संपलं की एचआरला पीपीटी हवी असते, आणि पीपीटीत 'रात्री फोन लागत नाही' शोभत नाही. ते म्हणतील, जरा प्रोफेशनल करून द्या. म्हणून काम घेतानाच लिहून द्या की रिपोर्टसोबत लोकांच्या मूळ वाक्यांचं एक पान जोडलेलं असेल, नावांशिवाय आणि भाषा न बदलता. काही कंपन्या यावर काम देत नाहीत. सुरुवातीला पोटात गोळा येतो, घरभाडं दिसतं, तडजोड करावीशी वाटते. करावी लागली तर स्लाइडच्या रंगात करा, मथळ्यात करा. ते एक पान सोडू नका, कारण तीन महिन्यांनी त्याच लोकांसमोर पुन्हा उभं राहिलात तर सुरुवात त्या पानापासूनच करायची असते: हे तुम्ही म्हणाला होतात, यातलं काय बदललं?