केरिसची मूठ कशाची आणि किती जुनी, कसं ओळखायचं

मलय केरिस, म्हणजे तिकडचा पारंपरिक खंजीर, हातात आला की सगळे आधी पात्यावर तुटून पडतात. पण मूठ नंतर बदललेली असू शकते, त्यामुळे पात्याचं वय मुठीला चिकटवू नका, तिला वेगळी काढून तपासा. हळू पिळत काढायची, हिसका द्यायचा नाही.

लाकूड सोपं. पिवळसर, गुळगुळीत कमुनिंग म्हणजे आपली कुंतीच, सोसायटीत कुंपणाला लावतात ती. म्हशीचं शिंगही सोपं, कडेला टॉर्च धरला की तंतू दिसतात.

खरी डोकेदुखी पांढऱ्या मुठींची, हस्तिदंत, हाड की नक्कल ते कळत नाही. कुणीतरी सांगतंच, तापलेली सुई टोचून बघा. अजिबात नको! मी हे केलंय, ‘जावा देमाम’ मुठीवर, म्हणजे ती तापाने कुडकुडत अंग चोरून बसलेल्या माणसासारखी दिसते ना, तिच्या कोपरावर आजही माझा काळा डाग आहे. आणि कळलं काय तर शून्य, कारण हाड आणि हस्तिदंत दोन्ही वितळत नाहीत आणि दोन्हीला केस जळल्यासारखाच वास येतो. सेल्युलॉइड, म्हणजे जुनं प्लास्टिक, असेल तर पेटच घेईल.

त्यापेक्षा दहापट भिंग घ्या आणि मुठीचा तळ बघा, बाजू नाही. मी कित्येक महिने बाजूच बघत बसलो होतो, तिथे नुसत्या लांब रेषा दिसतात आणि त्या रेझिनच्या नकली मुठी बनवणारे पण मस्त काढतात. आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसली तर हत्ती किंवा मॅमथ (नामशेष झालेला केसाळ हत्ती). बाहेरच्या कडेजवळ या रेषांमधला कोन 115 अंशांच्या वर असेल तर हत्ती, 90 च्या खाली असेल तर मॅमथ. बारीक काळे ठिपके किंवा खाचा म्हणजे हाड, विक्रेता कितीही शपथा घेवो. गाभा साबुदाण्याच्या खिचडीसारखा दाणेदार दिसला तर वॉलरसचा दात.

आता वय. नुसत्या पिवळेपणावर जाऊ नका, चहात बुडवून तो एका रात्रीत आणता येतो. अंगठा जिथे टेकतो तिथलं कोरीवकाम झिजून मऊ झालंय का आणि कधीच हात न लागणाऱ्या खाचा अजून धारदार आहेत का ते बघा. सगळीकडे सारखीच झीज म्हणजे पॉलिशपेपर. मग पातं जिथे बसतं त्या भोकात टॉर्च मारा, आतही बाहेरच्यासारखाच एकसारखा तपकिरी रंग असेल तर मला तरी ती मूठ रंगवलेलीच वाटते.

आणि खरंच हस्तिदंत निघालं तर भारतात खरेदी-विक्रीच्या भानगडीत पडू नका, वन्यजीव कायद्याने तो व्यापार बंद आहे.