ससेमिरा कुणाचा, तगादा कुणाचा

खानापूर, निपाणी, चिकोडीहून येणाऱ्या बातम्या मी बेळगावात बसून नीट करतो. त्यांत 'ससेमिरा' हटकून असतो. भारदस्त वाटतो, म्हणून कुठंही घालतात. भातात हत्ती शिरले की 'हत्तींचा ससेमिरा'! अहो, हत्ती भाताच्या मागं आहे, तुमच्या नव्हे. तिथं 'उपद्रव' लिहा.

या शब्दाचा सशाशी काही संबंध नाही. सिंहासनबत्तिशीतली गोष्ट आहे. शिकारीला गेलेला राजपुत्र वाघाला भिऊन झाडावर चढतो. वर अस्वल असतं, ते त्याला अभय देतं. तो झोपल्यावर वाघ खालून म्हणतो, ढकल त्याला. अस्वल ऐकत नाही. मग अस्वल झोपतं, वाघ तेच राजपुत्राला सांगतो, आणि हा पठ्ठ्या ढकलतो. अस्वल फांदीला धरून वाचतं आणि शाप देतं. राजपुत्राला वेड लागतं, तोंडात एकच: ससेमिरा, ससेमिरा. ही चार श्लोकांची आद्याक्षरं, पहिले तीन मित्रद्रोहावरचे. पडद्याआडून एक पंडित ते म्हणतो. 'सद्भावप्रतिपन्नानां' झाला की 'स' गळतो, उरतं 'सेमिरा'. 'सेतुं गत्वा' झाला की 'मिरा'. 'मित्रद्रोही'नंतर नुसता 'रा', आणि 'राजंस्त्वं' म्हटल्यावर पोरगा शुद्धीवर.

म्हणून ससेमिरा 'लागतो', 'चुकतो', 'सुटतो'. कुणी तो 'करत' नाही. आज तो बडबडीपेक्षा पाठलागाला जास्त वापरतात: चौकशीचा ससेमिरा, वसुलीवाल्यांचा ससेमिरा. आणि तो नेहमी ज्याच्या मागं लागलाय त्याच्या बाजूनं बोलतो. ऊस घालून बिलासाठी कारखान्यावर खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याचा 'ससेमिरा' लिहिलात, तर बातमी कारखान्याची झाली. शेतकऱ्याचा असतो तो 'तगादा'. त्याला येणं बाकी लागतं. मूळ अरबी शब्द, हिंदीतला 'तकाजा' तोच.

लकडा आणि टुमणं घरातले. जत्रेला नवा फ्रॉक पाहिजे म्हणून पोरगी 'घे की, बाबा, घे की' करते, तो लकडा. आमच्याकडं वाक्याला 'की' लागलं की लकडा आणखी चिवट होतो.

जपायचं ते 'धोशा'ला. सरकारी कागद मराठीतूनही द्या, ही इथली जुनी मागणी. एकानं लिहून पाठवलं, 'मराठी कागदपत्रांसाठी समितीचा धोशा'; समिती म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समिती. मी 'पाठपुरावा' केलं. धोशा हा ऐकून कंटाळलेल्याचा शब्द, आणि आमचा वाचक मागणाऱ्यांतला. उलट, कुणी कसलंही काम न करता नुसतं मागतच बसला असेल, तर 'पाठपुरावा' लिहून त्याला फुकटचा मान देऊ नका. पाठपुराव्याला अर्ज, पोच, तारीख लागते.

'पालुपद' गाण्यातलं, कडव्याच्या शेवटी परत येणारं. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला, म्हणजे बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाला, प्रत्येक वक्ता त्याच वाक्यावर थांबला, तर मी बेधडक पालुपद लिहितो. फोन येतात, येऊ देत. पण 1956 पासूनच्या सीमाप्रश्नालाच कुणी पालुपद म्हटलं, तर ते वाक्य मी काढतो.

राहिलं शुद्धलेखन. 'मि' ऱ्हस्व. 'ससेमिऱ्यामुळे', 'ससेमिऱ्यातून', 'ससेमिरामुळे' नव्हे. आणि अनेकवचन करू नका. बँक, सोसायटी, सावकार तिघे मागं लागले तरी ससेमिरा एकच.